मारू नका, मोजा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की परभणीच्या काळ्या मातीतून दोन जीव वर येतात. लाल मखमली मिरगाचा किडा दिसला तर पोरे त्याला तळहातावर घेतात आणि घरातली म्हातारी माणसे पेरणीच्या गोष्टी काढतात. त्याच मातीतून निघालेले गांडूळ अंगणात दिसले, की चप्पल उचलली जाते. कोणी मिठाची मूठ टाकतो, कोणी फिनेल ओततो, तर कोणी साप-किड्यांसाठी आणून ठेवलेली थायमेटची पुडी सोडतो. हे थांबले पाहिजे. जो प्राणी या जिल्ह्याची जमीन घडवतो, त्याला घाणेरडा आणि धोकादायक समजून मारणे हे शेतीवर जगणाऱ्या समाजाला परवडणारे नाही.

गांडूळ वर का येते, हे आधी समजून घेऊ. उन्हाळ्यात परभणीचा पारा 44 अंशांच्या पुढे जातो. काळी जमीन भेगाळते, वरचा थर कोरडा ठणठणीत होतो. अशा वेळी गांडुळे खोल जातात आणि ओलावा सापडेल तिथे अंगाचे वेटोळे करून पडून राहतात. पाऊस पडला की चिकण माती फुगते, भेगा मिटतात आणि मातीतल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरते. गांडुळाला फुप्फुसे नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेते. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाणी साचून राहिलेल्या मातीत त्याची कोंडी होते. सगळ्या जातींची सहनशक्ती सारखी नसते. तैवानमधील संशोधकांनी 2008 मध्ये दोन जातींची तुलना केली, तेव्हा पावसात वर येणाऱ्या जातीला प्राणवायू जास्त लागतो आणि ती पाण्यात फार काळ तग धरत नाही, असे दिसले. शिवाय कातडी सुकण्याची भीती न बाळगता एका जागेहून दुसरीकडे जाण्याची संधीही गांडुळाला ओल्या जमिनीवरच मिळते. म्हणजे वर आलेले गांडूळ कोणाच्या घरावर चालून आलेले नसते. ते श्वासासाठी किंवा नव्या जागेच्या शोधात बाहेर पडलेले असते आणि ऊन तापण्याआधी त्याला पुन्हा मातीत शिरायचे असते.

लोकांच्या मनातली भीती मात्र खरी आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. गांडुळाला दात नाहीत, नांगी नाही, विष नाही. ते चावत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा वाळा पावसाळ्यात घरात सापडतो. त्याचे अंग चकचकीत असते, त्यावर गांडुळासारखी वलये नसतात आणि तो झपाट्याने वळवळतो. वाळा हा साप असला तरी बिनविषारी आहे. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या हे त्याचे खाणे. दोघांनाही सुपलीत घेऊन झाडाखाली सोडले की काम झाले.

दुसरी भीती भूकंपाची. 1993 मध्ये 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीने जे पाहिले, ते मराठवाडा विसरलेला नाही. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी हिंगोली परिसरात केंद्र असलेले साडेचार तीव्रतेचे धक्के परभणीकरांनाही जाणवले. त्यानंतर जमिनीतून काहीही वळवळत वर आले की मन धास्तावते. पण जुलै हा गांडुळे वर येण्याचाच महिना आहे. ती दरवर्षी येतात, भूकंप दरवर्षी होत नाही. गांडुळांवरून भूकंपाचा अंदाज बांधण्याची कोणतीही भरवशाची पद्धत विज्ञानाला सापडलेली नाही. मोबाइलवर असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नये.

शहरात गांडुळे मरतात त्याला आपली बांधकामाची सवयही कारण आहे. अंगणात फरशी, गल्लीत सिमेंट, रस्त्याकडेला पेव्हर ब्लॉक. रात्री पावसात बाहेर पडलेल्या गांडुळाला सकाळी परत शिरायला हातभर माती मिळत नाही. उन्हात त्याची कातडी सुकते आणि श्वास थांबतो. मीठ टाकल्यावरही हेच होते, कारण मीठ त्याच्या अंगातले पाणी ओढून घेते. प्रत्येक झाडाभोवती उघडी माती राखली आणि अंगणाची एक पट्टी मोकळी सोडली, तर पावसाचे पाणीही मुरेल आणि हा जीवही वाचेल. महापालिकेने नवे रस्ते करताना एवढी अट घालावी.

खरा प्रश्न शेतातला आहे. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचा पहिला निबंध 1837 मध्ये वाचला आणि त्यांच्यावरचे पुस्तक 1881 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या अनेक भागांत गांडुळे दर वर्षी एकरी 10 टनांहून अधिक माती पोटातून काढून वर आणतात, असा हिशेब त्याने त्यात मांडला. आपली जमीन वेगळी, हवामान वेगळे, पण कामाची रीत तीच. पालापाचोळा खाली ओढायचा, मातीसह गिळायचा आणि पिकाला सहज घेता येईल अशा विष्ठेच्या रूपात परत द्यायचा. गांडुळांच्या बिळांतून हवा खेळते आणि पाणी मुरते. परभणीत पाऊस आता थोड्या तासांत धो धो कोसळतो, तेव्हा मुरण्याची ही वाट फार मोलाची ठरते. सप्टेंबर 2025 च्या महापुराने मराठवाड्यात असंख्य शेतांची माती खरडून नेली. अशा जमिनीसाठी राज्य शासनाने हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून 3 लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. त्या पैशातून गाळ-माती आणून टाकता येते. तिच्यात जीव भरण्याचे काम गांडुळांनाच करावे लागते आणि त्याला वर्षे लागतात.

या जीवाला आपण शेतात काय देतो? पाथरी, गंगाखेडकडच्या उसाच्या पट्ट्यात तोडणी झाली की पाचट पेटवतात. कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर जाळतात. गोठ्यातली जनावरे कमी झाल्याने शेणखत महाग झाले. रोटाव्हेटर वरचा थर दरसाल भुगा करतो. थायमेट म्हणून घरोघर माहीत असलेल्या फोरेटच्या विक्रीवर आणि वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, तरी जुने साठे आणि जुन्या सवयी अजून संपलेल्या नाहीत. ते औषध गांडुळांना मारतेच, ते खाल्लेल्या पक्ष्यांनाही सोडत नाही आणि माणसालाही तितकेच घातक आहे. ज्याच्या घरी पुडी उरली असेल त्याने ती अंगणात तर मुळीच टाकू नये.

गांडूळ खताचे बेड वाटून शासन आपले काम झाले असे मानते. खत चांगलेच आहे, पण बेडमधले गांडूळ आणि शेतातले गांडूळ एक नाही. बेडमध्ये बहुधा आयसेनिया फेटिडा ही परदेशी जात असते. ती शेणात आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात जगते. शेताच्या मातीत बिळे करून राहणे हा तिचा स्वभाव नाही. ते काम लॅम्पिटो मॉरितीसारख्या, इथल्या मातीत मुरलेल्या जातींचे आहे. त्यांना विकत आणावे लागत नाही. पाचट कुजू दिले, बांध राखला आणि विषारी दाणेदार औषधे टाळली, तर त्या आपणहून वाढतात.

म्हणून एक साधी मागणी. 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे 12 घटक तपासले जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये हे सारे त्यात येते. मातीत जिवंत काय आहे, याचा रकाना मात्र नाही. तो परभणी जिल्ह्याने सुरू करावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात वाफसा आल्यावर सकाळी शेतात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्यायचा. माती पोत्यावर पसरून हाताने फोडायची, गांडुळे मोजायची आणि मातीसकट परत टाकायची. मग शेजारच्या न नांगरलेल्या बांधावर तसाच खड्डा घेऊन तेथील आकडा लिहायचा. दोन आकड्यांतला फरक पाहिला की आपल्या मशागतीने आणि औषधांनी किती नुकसान केले, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागणार नाही.

18 मे 1972 ला स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच शहरात आहे. त्याच्या शास्त्रज्ञांनी मोजणीची पद्धत पक्की करून द्यावी आणि इथल्या जाती ओळखायला शिकवावे. जिल्हा परिषद शाळांच्या मुलांनी प्रत्येक गावातली पाच-दहा शेते निवडून सप्टेंबरात मोजणी करावी. मिरगाचा किडा हातावर घेणाऱ्या मुलांना गांडूळ हाताळायला शिकवणे अवघड नाही. आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाऊस व पीकपाण्याच्या चर्चेसोबत ते आकडे वाचून दाखवावेत. जिथे आकडा शून्य येईल, त्या शेताच्या धन्याला पुढच्या हंगामात पाचट न जाळण्यासाठी आणि शेणखतासाठी आधी मदत मिळावी.