जिनिंगच्या दारातले आपण आणि बाजारातले आपण



दिवाळीनंतर कापसाची गाडी घेऊन आपण जिनिंगच्या दारात उभे राहतो. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, दाबतो, तोंड वाकडे करतो. ओला आहे, पिवळा आहे, कवडी फार आहे! ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर सीसीआयच्या केंद्रावरही पैसे कापतात. आपण चडफडतो. आणि तेच पैसे खिशात घालून आठवडी बाजारात गेलो की काय करतो? शेजारच्या गावच्या म्हातारीच्या वांग्याला नख लावतो, किडके आहे म्हणतो, २० रुपयांचे १२ ला मागतो. शेवटची एसटी धरायची म्हणून ती बिचारी देऊन टाकते. मग व्यापाऱ्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

कोणी म्हणेल, गरिबाने स्वस्त पाहू नये काय? जरूर पाहावे. पण स्वस्त ते असते ज्याचा हंगाम आहे. चैत्रातले सफरचंद शीतगृहातले. काश्मिरात त्याची तोडणी भादव्या-आश्विनातच उरकलेली असते. त्याला मुकाट्याने सांगेल तो भाव देतो, आणि बोरांच्या वाट्यासाठी हुज्जत घालतो.

नख लावून पारख होत नाही. वांग्याचा देठ पाहा, हिरवा आणि काटेरी हवा. भेंडीचे टोक कटकन मोडले पाहिजे. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या रेघा पांढुरक्या झाल्या असतील तर ते घरी दोन-तीन दिवसांत पिकते. संत्र्याच्या रंगावर भुलू नका. साल हिरवट असूनही फळ गोड निघते, हाताला जड लागेल ते घ्या. आंबा सगळीकडून सारखा पिवळा आणि वास मात्र नाही, असा असेल तर कार्बाइडचा संशय धरा. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात तो येतोच. आणि हरभऱ्याची कोवळी भाजी घेताना कुरकुर करू नका. शेंडे खुडले की फांद्या फुटतात, घाटे वाढतात. म्हणजे त्या बाईच्या पिकाचेही भले आणि आपल्या भाकरीचेही.

खरे तर यातले निम्मे विकत घ्यायची पाळीच आपल्यावर नव्हती. कपाशीत आपल्या आया बरबटी, अंबाडी, भेंडी, वाळूक टाकत. बांधावर घोळ आणि तरोटा फुकटचा. सरसकट तणनाशक मारू लागलो तेव्हा तणाबरोबर ताटातली भाजीही गेली. तासातली अंबाडी वाचवायची तर तेवढ्या ओळी डवऱ्याने आणि खुरप्यानेच सांभाळाव्या लागतील. मजुरी परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. निदान घराजवळच्या चार तासांपुरते करून पाहा.

सरकारने २०१६ च्या जुलैत फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. चांगले झाले. पण भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला कित्येक गावच्या बाजारात ना ओटा, ना सावली, ना प्यायला पाणी. वसुलीची पावती फाडणारा मात्र सकाळीच हजर! त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत मागायचा आहे. जिल्हा बैठकीला येताना आपल्या बाजारची अशी एक पावती आणि ओटे किती, नळ किती याची मोजणी प्रत्येक गावाने सोबत आणावी.