दगडापेक्षा वीट मऊ? सिगारेटच्या बाबतीत नाही!

१ फेब्रुवारी २०२८ पासून आयर्लंडमध्ये २१ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येणार नाही. तसा कायदा २०२४ च्या अखेरीस झाला. पब, हॉटेलं, कचेऱ्या अशा सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी लागू करणारा हा जगातला पहिला देश. ती तारीख २९ मार्च २००४. आज इथे वीस सिगारेटचं पाकीट अठरा युरोंच्या पुढे गेलं आहे. दुकानात पाकिटं मांडून ठेवायला २००९ पासून मनाई आहे. नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना हे सगळं पाहून वाटतं, की या देशाने सिगारेटचा प्रश्न जवळजवळ निकालात काढला आहे.

तसं झालेलं नाही. २०२४ च्या 'हेल्दी आयर्लंड' पाहणीत १७ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले. इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एचएसई, तंबाखूमुळे दरवर्षी सुमारे ४,५०० माणसं जातात असं सांगते. पन्नास-साठ लाखांच्या देशात हा आकडा लहान नाही.

या ओढणाऱ्यांमध्ये आपलेही लोक आहेत. सुशिक्षित, चांगल्या नोकरीतले, सकाळी पळायला जाणारे. विषय काढला की त्यांचं एक ठरलेलं उत्तर येतं, "अरे, मी फार नाही ओढत. आणि ओढतो ती पण लाइट!" हेच वाक्य डब्लिनमध्ये ऐकू येतं, पुण्यात येतं, ठाण्यातही येतं. बोलणाऱ्याला ते स्वतःचं वाटतं. प्रत्यक्षात ते साठ वर्षांपूर्वी कंपन्यांच्या प्रयोगशाळेत आणि जाहिरात विभागात तयार झालं आहे. ते कसं, हे आज थोडं सविस्तर सांगायचं आहे.

तंबाखूच्या धंद्याशी या बेटाचं नातं जुनं. पी. जे. कॅरल कंपनी १८२४ मध्ये डंडॉकला सुरू झाली. तिच्या नावाची गोल्फ स्पर्धा इथल्या मागच्या पिढीला अजून आठवते, आणि तिच्या आधुनिक कारखान्याच्या इमारतीत आता तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेचे वर्ग भरतात. ही कंपनी पुढे ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या, म्हणजे 'बॅट'च्या पंखाखाली गेली. दुसरं नाव टॉम गॅलहर यांचं. १८५७ मध्ये डेरी शहरात त्यांनी धंदा सुरू केला आणि काही वर्षांत बेलफास्ट गाठलं. याच गॅलहर कंपनीने १९६४ मध्ये 'सिल्क कट' बाजारात आणली. जांभळ्या खुणेची, नावातच रेशीम असलेली, सौम्य म्हणून गाजलेली ही सिगारेट आयर्लंडमध्ये घरोघरी माहीत आहे.

ते साल लक्षात घेण्यासारखं आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्येच दाखवला होता. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला, १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा. गिऱ्हाईक घाबरलं होतं. घाबरलेलं गिऱ्हाईक एक तर सोडतं, नाहीतर काहीतरी कमी घातक शोधतं. 'दगडापेक्षा वीट मऊ' हा आपला जुना हिशेब. कंपन्यांनी तो बरोबर ओळखला आणि वीट विकायला काढली.

सुरुवात फिल्टरपासून झाली होती. अमेरिकेत १९५२ मध्ये आलेल्या 'केंट' सिगारेटच्या फिल्टरमध्ये चक्क अ‍ॅस्बेस्टॉस होतं, आणि जाहिरात होती आरोग्याच्या काळजीची! आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचे रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग यांनी तर १९५३ मध्ये धुराने ठळकपणे रंग बदलणाऱ्या फिल्टरची कल्पना मांडली. ओढून झाल्यावर फिल्टर तपकिरी दिसला, की माणसाला वाटावं, 'बघा, किती घाण अडली!' रंग बदलल्याने घाण जास्त अडणार नव्हती, फक्त समाधान वाढणार होतं.

मग आली 'कमी टार'ची गोष्ट. धुरातल्या कणांमधून पाणी आणि निकोटिन वजा केलं, की उरतं ते टार. ते मोजायला यंत्र असतं. वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीत हे यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेतं, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा. शेवटी गाळणीवर काय जमलं ते बघायचं, आणि तोच आकडा सिगारेटचा.

आता कारागिरी पाहा. फिल्टरभोवतीच्या कागदावर बारीक छिद्रांची रांग पाडली. इतकी बारीक, की कागद उजेडात धरल्याशिवाय ती सहसा दिसतही नाहीत. यंत्राने झुरका घेतला की या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. अतिसौम्य म्हणवणाऱ्या काही सिगारेटमध्ये तर त्या झुरक्यात निम्म्याहून अधिक नुसती हवाच असते. यंत्राचा आकडा धाडकन खाली येतो. दुधात पाणी घालून 'कमी फॅटचं दूध' म्हणून विकावं, तसा हा प्रकार.

दुधाच्या बाबतीत निदान पाणी तरी नक्की पोटात जातं. इथे तेही नाही. सिगारेट धरताना बोटं आणि ओठ नेमके त्या छिद्रांवर येतात. शिवाय ओढणारा यंत्र नसतो. त्याच्या मेंदूला ठरावीक निकोटिन हवं असतं. धूर पातळ लागला की तो जोरात ओढतो, खोल ओढतो, लवकर पुढचा झुरका घेतो, थोटकापर्यंत ओढतो, नाहीतर दिवसाकाठी दोन जास्त ओढतो. हे तो ठरवून करत नाही, व्यसन त्याच्याकडून करवून घेतं. परिणामी पाकिटावर आकडा लहान, छातीत भरलेला हिशेब जवळपास तोच.

कंपन्यांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या खटल्यातून कंपन्यांची लाखो अंतर्गत पानं बाहेर आली. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला बॅटची कागदपत्रं अभ्यासकांना खुली करावी लागली. त्या आणि कॅनडातल्या कागदांचा अभ्यास करून डेव्हिड हॅमंड, नील कॉलिशॉ आणि सिंथिया कॅलर्ड यांनी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. त्यातून दिसतं ते असं : सत्तरच्या दशकापासून बॅटचे शास्त्रज्ञ खरी माणसं कशी ओढतात याचा बारकाईने अभ्यास करत होते. माणसाचे झुरके नोंदवून तेच यंत्राकडून पुन्हा ओढवून घेत होते. ठरावीक पद्धतीच्या यंत्राला मिळतं त्यापेक्षा माणसाला बरंच जास्त मिळतं, हे त्यांच्या आकड्यांतच होतं. आणि यंत्राला कमी देणारी, माणसाने ओढ लावली की हवं तेवढं देणारी 'लवचिक' सिगारेट हे त्यांच्या संशोधनाचं उद्दिष्टच झालं होतं. आरोग्य खात्यांना किंवा गिऱ्हाइकांना हे सांगितलं गेलं नाही.

म्हणजे वीट म्हणून विकला तो दगडच होता, फक्त वजनकाटा बदललेला!

यात आकड्यांपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. 'लाइट'कडे वळणारा माणूस कोण होता? ज्याला खोकला सुरू झाला होता, ज्याच्या घरी लहान बाळ आलं होतं, ज्याच्या मनात सोडायचं आलं होतं तो. त्याच्या त्या निश्चयाला कंपनीने एक आरामखुर्ची दिली. सोडण्याऐवजी तो 'कमी' करत राहिला, आणि वर्षं निघून गेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये स्पष्ट लिहिलं, की सिगारेटच्या या बदलांनी लोकांच्या आरोग्याचा फायदा झाल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी 'लाइट' आणि 'लो टार'बाबत जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला. २०१४ च्या सर्जन जनरल अहवालाने तर पुढचं पाऊल टाकलं. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका ओढणाऱ्यांमध्ये वाढला, तो १९५० नंतर सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे, असा त्याचा निष्कर्ष आहे. पातळ धूर खोलवर ओढला जातो हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

युरोपने 'लाइट', 'माइल्ड', 'लो टार' हे शब्द सप्टेंबर २००३ अखेर पाकिटावरून काढले. गंमत अशी, की टारचा आकडा मात्र पाकिटावर छापणं कायद्यानेच सक्तीचं होतं. सरकारी सक्तीचा आकडा म्हणजे गिऱ्हाइकाला सरकारी प्रमाणपत्रच वाटणार. तो आकडा हटायला २०१६ उजाडलं. तोवर शब्दांची जागा रंगांनी घेतली होती. लाइटचं गोल्ड झालं, गिऱ्हाइकाला अर्थ न सांगता कळला.

आयर्लंडने मग रंगही काढले. मार्च २०१५ मध्ये साध्या, एकसारख्या पाकिटांचा कायदा झाला. तो पुढे रेटला जेम्स रायली यांनी. त्या वेळी आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. होय, तेच, ज्यांचं मूळ गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड. एका तंबाखू कंपनीने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, पुढे माघार घेतली. २०१८ पासून इथली सगळी पाकिटं सारखीच उदास दिसतात.

पण पाकीट बदललं, सिगारेट बदलली नाही. आत छिद्रं अजून आहेत. आमचं म्हणणं असं, की शब्द गेला, आकडा गेला, रंग गेला, आता ती छिद्रंही जायला हवीत. फिल्टरमधल्या या वायुवीजनावर बंदी घालावी ही मागणी अनेक सार्वजनिक आरोग्य अभ्यासक करत आहेत. कामाच्या ठिकाणच्या बंदीत जगाला वाट दाखवणाऱ्या देशाने इथेही पहिलं पाऊल टाकायला काय हरकत आहे? सिगारेट घशाला बोचू लागली तर सोळा-सतरा वर्षांचं पोर पहिल्याच झुरक्याला खोकून थांबेल. सौम्यपणा हा शिकाऊ उमेदवारासाठीच सर्वांत सोयीचा असतो.

मायदेशातही हा धडा उपयोगी आहे. भारताच्या २००३ च्या तंबाखू कायद्यात पाकिटावर निकोटिन आणि टारचं प्रमाण छापण्याची तरतूद आहे. हेतू चांगला असेल, पण युरोपने जे अनुभवातून पुसलं ते आपण नव्याने लिहू नये. आणि आपल्याकडे सिगारेटच्या आधी विडी आहे, मिश्री आहे, तंबाखू-चुना आहे. प्रत्येकाची स्वतःची 'मऊ वीट' असते. विडीवाला म्हणतो, ही तर पानातली, नैसर्गिक. मिश्री लावणारी आजी म्हणते, मी कुठे ओढते? उद्या कुणी चकचकीत डबीत नवं काही आणून 'यात धोका कमी' म्हणेल, तेव्हा पहिला प्रश्न विचारायला हवा : कमी कुणाच्या काट्यावर? यंत्राच्या की छातीच्या?

तुमच्या घरात, मित्रांत कुणी 'लाइट'वर समाधान मानत असेल, तर त्याला ओरडू नका. सोडायची इच्छा त्याला कधीतरी झाली होती, म्हणूनच तो तिकडे वळला. त्या इच्छेची आठवण करून द्या. इथे एचएसईची 'क्विट' सेवा १८०० २०१ २०३ या क्रमांकावर मोफत मिळते, भारतात १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा 'लाइट' मागितली, त्या दिवशी त्याला खरं तर सोडायचीच होती. ते काम अजून बाकी आहे, आणि अजूनही करता येण्यासारखं आहे.