कागद आहे का?

कागदाचा शोध चीनमध्ये लागला, इसवी सन १०५ मध्ये, त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने लावला. शाळेत हे एक मार्काला असायचं. खरं तर त्याच्याही दीड-दोनशे वर्षं आधीचे कागदाचे तुकडे चीनमध्ये उत्खननात सापडलेत. म्हणजे त्साय लुनने शोध लावला नाही, त्याने कृती नीट बसवली आणि सम्राटाला अहवाल दिला. आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात ते लिहीत नाही, सोमवारी ऑफिसला जायचंय :-)

पण या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे. त्साय लुन हा कवी नव्हता, पंडितही नव्हता, तो सरकारी माणूस होता. कागद पुढे जिथे जिथे गेला तिथे बहुतेक वेळा सरकारच्या मागून गेला. आठव्या शतकाच्या शेवटी बगदादच्या खलिफांच्या कचेऱ्यांत चामड्याच्या जागी कागद आला. त्याचं एक कारण असं सांगतात की चामड्यावरची शाई खरवडून वेगळा मजकूर लिहिता येतो आणि कागदावर खाडाखोड केली की लगेच कळतं. थोडक्यात कागद चालला तो स्वस्त होता म्हणून, आणि त्यावरची लबाडी पकडता येते म्हणूनही. आपल्या भाषेत याचं अवशेष-संग्रहालयच आहे. 'कागद' फारसीतून आला. 'दप्तर'ही फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीकमधून, तिथे मूळ अर्थ कातडं. म्हणजे पोरं रोज पाठीवर कातडं घेऊन शाळेत जातात.

महाराष्ट्रात कागद बनवण्याची कला कशी रुजली याची प्रसिद्ध कथा दौलताबादची. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी तिकडे हलवली. राजधानी म्हटली की कारकून आले आणि कारकून आले की कागद लागणारच. दौलताबादजवळ कागझीपुरा नावाचं गाव आजही आहे आणि हातकागदाची परंपराही तिथे अजून आहे. तुघलकाची राजधानी काही वर्षांत परत दिल्लीला गेली, कागदवाले मात्र राहिले. चिंध्या, जुने दोर, ताग कुटून लगदा करायचा, पाण्यात ढवळायचा, चाळणीवर उचलायचा, वाळवायचा, मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. हे घोटणं महत्त्वाचं, नाहीतर बोरूची शाई फुटते. जुन्या मराठी दफ्तरांत जुन्नरी, दौलताबादी, बाळापुरी अशी कागदाची नावं येतात, आपण तांदळाची घेतो तशी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद पाहिले की दोन-अडीचशे वर्षांनंतरचा त्यांचा ताठपणा बघून चकित व्हायला होतं. माझ्या कॉलेजची नोट्सची वही पिवळी पडून तुकडे तुकडे झालीये. कारण सोपं आहे. जुना कागद चिंध्यांचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाचा लगदा आला, त्यात लिग्निन राहतं आणि ते उजेडात पिवळं पडतं. वर तुरटी वापरून केलेली खळ, त्यातलं आम्ल धागे खातं.

असो. मला लिहायचं होतं ते तानसाबद्दल.

तानसा म्हणजे मुंबईकरांसाठी पावसाळ्यात पेपरात छापून येणारा एक आकडा. तलावाची पातळी, दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत. धरण १८९२ चं. आसपासचं जंगल १९७० पासून अभयारण्य. या पाण्याची नोंद सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं होते आहे. पण त्याच शहापूर तालुक्यातल्या आणि शेजारच्या मुरबाडमधल्या पाड्यांवर जा. माणूस चार पिढ्या एका वरकस तुकड्यावर नाचणी-वरई पिकवतोय, आणि त्याला विचारलं जातं, "कागद आहे का?"

हा प्रश्न नवा नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी जंगलांच्या हद्दी ठरायला लागल्या तेव्हा पद्धत अशी होती की ज्याचा हक्क असेल त्याने मुदतीत येऊन दावा लिहून द्यावा. लिहून! ज्यांच्यात अक्षरओळख नव्हती त्यांचा दावा आलाच नाही, आणि जो आला नाही तो नव्हताच असं धरलं गेलं. ठाणे जिल्ह्यात यावरून इतका गदारोळ झाला की १८८५ मध्ये ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी सरकारला एक आयोग नेमावा लागला. त्यात मोठा वाद राबाचा. भाताच्या रोपासाठी वाफा भाजायला झाडांचे टाळे तोडावे लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शेतीचं काम, सरकारच्या दृष्टीने जंगलाची नासाडी. आयोगाचा जाडजूड अहवाल १८८७ मध्ये आला. अर्थात कागदावर.

पुढे एकसाली प्लॉट आले. जंगलातली जमीन एका वर्षाच्या बोलीने कसायला द्यायची, पुढच्या वर्षी पुन्हा. मग कधीतरी ते नूतनीकरण थांबलं, कसणं मात्र थांबलं नाही, कारण पोट एकसाली नसतं. त्या दिवसापासून तोच माणूस त्याच जमिनीवर 'अतिक्रमणदार' झाला. जमीन, माणूस, नांगर तेच, बदलला फक्त रजिस्टरमधला शेरा.

आता यातली खरी गंमत (गंमत म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा). अतिक्रमण केलं म्हणून दंड व्हायचा. ज्याने मुकाट दंड भरला त्याला पावती मिळाली, अमुक तारीख, अमुक नंबरचा कंपार्टमेंट. आणि ज्याने दंडाऐवजी कोंबडी देऊन सुटका करून घेतली त्याला काहीच मिळालं नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि नियम झाले २००८ मध्ये. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा सिद्ध करायचा होता. तेव्हा ती दंडाची पावती सोन्यासारखी झाली! गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा पुरावा. ज्याच्यावर सरकारने जास्त वेळा कारवाई केली त्याची केस जास्त मजबूत. आणि कोंबडीची नोंद कुठल्याही वहीत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. नियम १३ मुद्दाम उघडून वाचा. पुराव्यांच्या यादीत रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती आहेच, पण घातलेले बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेही आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्याचा लिहून घेतलेला जबाबही आहे. यांतले एकाहून जास्त पुरावे असले की झालं. २०१२ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिलं की ठरावीक प्रकारच्याच कागदाचा आग्रह धरायचा नाही आणि उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून वापरायचं, इतर पुराव्याच्या बदल्यात नाही. माझ्या मते भारतीय कायद्यातल्या सगळ्यात शहाण्या कलमांपैकी हे एक आहे. बांध हा पुरावा आहे! दगड बोलतो हे कायद्याने मान्य केलं.

पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाची बोटं वर्षानुवर्षं कागद चाळायला सरावलेली. बांध फाईलला टाचता येत नाही. वडीलधाऱ्याच्या जबाबाला 'तोंडी' म्हणून बाजूला ठेवलं जातं, जरी तो लिहून घेतलेला असला तरी. जे आदिवासी नाहीत त्यांना तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवायचं, म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचं. तुमच्या घरात १९३० चा कुठला कागद आहे? माझ्या घरात नाही. आणि आमच्याकडे कपाट तरी होतं. इकडे कुडाचं घर, जूनपासून चार महिने कोसळणारा पाऊस, वाळवी, उंदीर. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधलेले मी पाहिलेत. २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने दावे नाकारले गेलेल्यांना जंगलाबाहेर काढायचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या शेवटी स्वतःच तो स्थगित केला. त्या दोन आठवड्यांत देशभरात लाखो कुटुंबांचं घर एका 'नामंजूर' शब्दावर लोंबकळत होतं.

आता आमच्या जातवाल्यांकडे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे येतो. आमचं ठरलेलं उत्तर असतं: कागदाची कटकट आहे ना, मग डिजिटल करा. केलंच की. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सही असलेला सातबारा मिळतो. चांगली सोय आहे, मी वापरलीये, तलाठ्याकडचे दोन हेलपाटे वाचले. (मग एका कचेरीत "याची प्रिंट आणा" म्हणाले, ते सोडा.) पण डिजिटल केल्याने कागदावर जे होतं तेच डिजिटल होतं. जे कागदावर आलंच नाही ते डेटाबेसमध्ये कुठून येणार? उलट रिकाम्या रकान्याला आता एक प्रकारचा रुबाब येतो. पूर्वी तलाठी म्हणायचा "सापडत नाही", म्हणजे निदान कुठेतरी असेल अशी आशा. आता स्क्रीन म्हणते 'नोंद उपलब्ध नाही' आणि विषय संपतो.

दुसरं म्हणजे कागदाचा एक मोठा गुण आम्ही लोक विसरतो. तो ज्याच्या हातात असतो त्याचा असतो. त्याला रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा असं कायदा सांगतो, आणि ती बाई तो कागद पिशवीतून काढून समोर धरू शकते. सर्व्हरवरची नोंद तिला धरता येत नाही, आणि कुणी बदलली तर कळतही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा आणि ते परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. एप्रिल २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं तेव्हा हक्काला खरा अर्थ आला. म्हणून मला 'पेपरलेस' शब्द ऐकला की जरा धडकी भरते. पेपर कोणाकडून काढून घेतला जातोय, हे आधी बघायला हवं.

सगळ्यात वाईट अवस्था कातकऱ्यांची. खैराचा कात पाडणारी ही जमात. जंगल बंद झालं, कात गेला, नाव राहिलं. दिवाळी झाली की पाडाच्या पाडा वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडाशी परततो. जाण्याआधी शेठकडून बयाणा घेतलेला असतो, भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, आणि हे सगळं शेठच्या वहीत. विटा किती पाडल्या तेही त्याच वहीत. हंगामाच्या शेवटी वही उघडते आणि कळतं की अजून देणं फिटलं नाही, पुढच्या वर्षी यावं लागेल. इथे कागद आहे बरं का, व्यवस्थित आहे, फक्त तो एकाच्याच घरी आहे. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे आणि त्याचं कलम १५ सांगतं की हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सावकाराने सिद्ध करायचं, मजुराने नाही. म्हणजे पुराव्याचं ओझं ज्याच्याकडे वही आहे त्याच्या डोक्यावर. माझं म्हणणं आहे की हेच तत्त्व जमिनीलाही लावा. दीडशे वर्षं नकाशे, रजिस्टरं, दंडाची पावतीपुस्तकं सरकारने लिहिली आणि सरकारनेच सांभाळली. मग त्या अमक्या कंपार्टमेंटमध्ये २००५ च्या आधी कोणी कसत नव्हतं हे सरकारने दाखवावं. दावा नाकारायचा तर आपल्याकडचं रजिस्टर काढून, पान नंबर लिहून नाकारावा.

यावर कोणी म्हणेल की मग कोणीही उठेल आणि दावा करेल. काही करतीलही. पण पाच वर्षांपूर्वी घातलेला बांध आणि तीस वर्षांचा बांध यांतला फरक गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला कळतो, आणि तपासणी आधी ग्रामसभेतच व्हायची आहे. खोटे दावे निघतात ते बहुधा ज्यांना कागद बनवता येतो त्यांचे.

आणि वीटभट्टीसाठी ॲप काढायच्या आधी एक जुनी गोष्ट करून बघायला हरकत नाही. १८०६ मध्ये इंग्लंडात वेजवूड नावाच्या माणसाने कार्बन पेपरचं पेटंट घेतलं. किराणा दुकानात, गॅरेजमध्ये अजून ते डुप्लिकेट बिलबुक मिळतं, वर पांढरं पान, खाली गुलाबी. बयाणा, दर आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा अशा पुस्तकात लिहायच्या आणि गुलाबी पान त्याच दिवशी मजुराच्या हातात द्यायचं. वाचता नाही आलं तरी चालेल, पाड्यावर शाळेत जाणारी एखादी पोर असते, ती बेरीज करेल.