ब्रेक आणि खालचा आकडा

शीर्षक वाचून आमच्या काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहावे ते कवितेवर, फार तर परीक्षापद्धतीवर. स्पोर्ट्‌स कारच्या ब्रेकशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मला महागात पडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गॅरेज हमरस्त्यावर आहे. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. मी बारावीत असताना पुण्याचे एक साहेब दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. पुढच्या महिन्यात त्यांना कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायची होती. म्हणून भोके पाडलेल्या डिस्क आणि भारी पॅड हवे होते. माहितीपत्रक इंग्रजीत होते. अण्णांनी ते कौतुकाने माझ्या हातात दिले. म्हणाले, "तू वाच. आपल्या घरात वाचणारा तूच."

मी वाचले. एका पॅडपुढे सातशे अंशांचा आकडा होता, बाकीच्यांपुढे चारशे-पाचशेचे. मी सातशेवर बोट ठेवले. त्याच ओळीत, सुरुवातीला, दोनशेचाही आकडा होता. तो मला दिसला, पण त्याचा अर्थ कळला नाही. आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली. अण्णांनी विचारले, "थंडीत धरतील ना?" मी ऐटीत म्हणालो, "शर्यतीचे आहेत अण्णा, धरतीलच."

डिसेंबरातली पहाट होती. रात्रभर उभी असलेली गाडी साहेबांनी काढली. नाक्यावर दूधवाले काका मोटारसायकल लावून किटल्या उतरवत होते. साहेबांनी ब्रेक दाबला, पण गाडी हवी तशी थांबली नाही. किटल्या रस्त्यावर लवंडल्या आणि काकांचे मनगट मोडले. दोनशे या आकड्याचा अर्थ मला तेव्हा कळला : पॅड तेवढे तापल्याशिवाय त्यांना पुरती पकड येत नाही.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र. चौदाशे किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटरवरून थांबते तेव्हा जी उष्णता निघते, तीत दीड लिटर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला हे घडते. डिस्कला निवायला सवड मिळत नाही. तिथे शर्यतीचे पॅड हवेतच. पण बाजारपेठेतून जाणाऱ्या गाडीचे पॅड सकाळी थंडगारच असतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पॅड निवडताना वरच्या आकड्याआधी खालचा आकडा पाहावा. वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने पॅडचे दोन संच ठेवावेत, तिथे एक आणि घरी एक. नवे पॅड डिस्कवर नीट सेट होईपर्यंत त्यांच्यावर भरवसा टाकू नये.

डिस्कच्या बाबतीत तर दिखाऊपणा फारच. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटे, त्याला वाट म्हणून भोके आली. आता ती बरीचशी शोभेची आहेत, आणि सतत तापणाऱ्या डिस्कला अनेकदा पहिली चीर भोकापासूनच जाते. खाचांच्या डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड लवकर झिजवतात. मध्ये हवेला वाट असलेली, चांगल्या ओतीव लोखंडाची साधी डिस्क बहुतेकांना पुरते. पोर्शने २००१ साली ९११ जीटी२ या गाडीला कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या. त्यांचे वजन लोखंडी डिस्कच्या निम्म्याच्या आसपास असते, किंमत मात्र कितीतरी पट. एवढे करूनही ट्रॅकवर नेहमी जाणारे कित्येक मालक त्या काढून लोखंडी डिस्क बसवतात, कारण झिजल्या तर बदलणे परवडते.

आणि ज्यावर कुणी फुशारकी मारत नाही ते ब्रेक ऑईल? ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; ओलावा शोषलेल्याला ही मर्यादा १५५ वर येते. ऑईल उकळले की नळीत वाफ होते, पेडल तळाला जाते आणि हजारोंचे पॅड कुचकामी ठरतात. टायरचेही तेच. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. गुळगुळीत टायरवर मोठी डिस्क बसवणे म्हणजे तुटक्या चपलेला चांदीचे बक्कल.

याचा अर्थ चांगल्या ब्रेकला किंमत नाही असा नव्हे. १९५३ साली फ्रान्समधील ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जग्वार जिंकली, त्यात डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता. इतरांचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडत, तेव्हा जग्वार वळणाच्या अधिक जवळ जाऊन थोपवता येई. तेही तासन्‌तास. त्याच ठिकाणी ११ जून १९५५ रोजी पुढच्या जग्वारने पिटकडे जाण्यासाठी वेग कमी केला, तिच्यामागची ऑस्टिन-हीली बाजूला सरली आणि तिच्यावर लेव्हे यांची मर्सिडीज आदळून प्रेक्षकांकडे उडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. कारणे अनेक होती, पण मेलेल्यांपैकी एक लेव्हे सोडले तर कुणाच्याही पायाखाली ब्रेकचे पेडल नव्हते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. इंजिनाची निवड मालक स्वतःसाठी करतो. ब्रेकची निवड मात्र तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठीही करत असतो.

डॉक्टरांचे बिल अण्णांनी आणि साहेबांनी मिळून भरले. काकांचे प्लास्टर निघेपर्यंत दीड महिना मी पहाटे त्यांच्याबरोबर किटल्या उचलायला गेलो. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. साहेबांच्या गाडीला साधे पॅड घालताना एवढेच म्हणाले, "मला वाचता येत नाही म्हणून मी विचारतो. तुला वाचता येतं, मग तू का विचारलं नाहीस?"

मित्रहो, घरातले पहिलेच कॉलेजात आलेले माझ्यासारखे इथे पुष्कळ आहेत. आपल्या हातात घरचे लोक विश्वासाने कागद देतात. त्यातला मोठा आकडा वाचायला फारशी विद्या लागत नाही. लहान आकडा कळला नाही, तर तसे सांगायला लागते. अण्णांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. मात्र गॅरेजमध्ये माहितीपत्रक आले की आता मी आधी विचारतो, मग वाचतो.

(द्वितीय वर्ष, कला)