दासी नव्हे, सखी

धर्मग्रंथातील प्रत्येक वचन सारख्याच सहजतेने लोकांपुढे मांडता येत नाही, हा अनुभव सर्वच धर्मांच्या उपदेशकांचा आहे. ख्रिस्ती उपदेशकांना इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय असाच जड जातो. पत्नीने पतीच्या अधीन असावे, असे त्यातील बाविसावे वचन सांगते. वास्तविक त्याच्या आधीच्याच वचनात सर्वांनी परस्परांच्या अधीन असावे असे म्हटले आहे. आणि सर्वांत प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदसुद्धा नाही, ते मागील वचनातून घ्यावे लागते. तरीही अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघाने १९९८ साली पत्नीची अधीनता आपल्या श्रद्धापत्रकात नमूद केली. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी २००० साली त्या संघाशी असलेला आपला संबंध तोडला, त्याचे एक कारण स्त्रियांविषयीची हीच भूमिका होते. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असेही आहे, आणि एके काळी गुलामांचे मालक तेही वचन मोठ्या भक्तीने वाचीत असत!

परंतु बंधु-भगिनींनो, दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविणे सोपे असते. आपल्या विहारात काय वाचले जाते आणि ते कसे वाचले जाते, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

अंगुत्तर निकायात सुजातेची कथा आहे. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाची ही सून श्रीमंत घरातून आलेली. सासूसासऱ्यांना वा पतीला न जुमानणारी. तथागतांनी तिला सात प्रकारच्या पत्नी सांगितल्या : वधकासारखी, चोरासारखी, मालकिणीसारखी, मातेसारखी, भगिनीसारखी, सखीसारखी आणि दासीसारखी. पहिल्या तिघी निंद्य, उरलेल्या चौघी प्रशंसनीय. यांपैकी आपण कोण, असे विचारल्यावर सुजातेने दासीचे पद पत्करले. ही दासीसमान पत्नी कशी? तर पतीने दंडाचा धाक दाखविला तरी मनात राग न आणता सहन करणारी. सुत्तात हे आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ज्या भगिनीला घरी मार बसतो, तिच्यासमोर हे सुत्त कोणी स्पष्टीकरणावाचून वाचले, तर ती काय समजेल? मनुस्मृतीने जे सांगितले तेच येथेही आहे, असेच ना? मग २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन कशासाठी झाले? आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आपल्या आया-आज्यांनी मिळविले तरी काय?

म्हणून उपदेशकांनी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली, सुत्त पूर्ण वाचावे. दासीचे पद सुजातेने स्वतः निवडले. सखीचे पदही त्याच सुत्तात प्रशंसनीय मानले आहे. दुसरी, त्याच्या शेजारी दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त ठेवावे. त्यात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, व्यभिचार न करणे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपविणे आणि तिला अलंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत. त्यांत आज्ञापालनाचा शब्दसुद्धा नाही. आपल्या विवाहविधीतील प्रतिज्ञा ह्याच सुत्तावर आधारलेल्या आहेत. त्या लग्नमंडपात उच्चारायच्या आणि घरी विसरायच्या, असे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केवळ ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, ही शिकवण तथागतांनी कालामांना दिली. डॉ. बाबासाहेबांनी तीच कसोटी लावली. महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रियांपासून दूर राहण्याचा उपदेश बुद्धाचा नसून मागाहून भिक्खूंनी घातलेला आहे, असे त्यांनी १९५१ साली महाबोधि मासिकात सप्रमाण मांडले. जे बुद्धिसंगत आणि मानवाच्या हिताचे, तेच बुद्धवचन, हा त्यांचा निकष होता. मार मुकाट्याने सोसण्याने कोणाचे हित होते? सोसणारीचे नाही, मारणाऱ्याचे नाही आणि ते पाहत वाढणाऱ्या मुलांचे तर नाहीच.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी निक्षून सांगितले होते की, विवाहित स्त्रीने पतीची मैत्रीण व समान साथीदार म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा. सुजातेपुढे जी पदे होती, त्यांतील सखीचे पद कोणते आणि दासीचे कोणते, हे आपल्या मातांना तेव्हाच कळले होते.

भगिनींनो, सहनशीलता हा सद्गुण आहे; परंतु अत्याचार सोसणे हे शील नव्हे. २००५ च्या कायद्याने घरातील हिंसेविरुद्ध तुम्हांला संरक्षण दिले आहे. ते मागताना धम्म आड येत नाही. आणि बंधूंनो, पंचशीलातील पहिले शील उंबरठ्याच्या आतही लागू आहे. ज्या घरात पत्नी दासी आहे, त्या घराने दीक्षा घेतली असली, तरी ते घर अद्याप बौद्ध झालेले नाही.