जरी, तरी आणि ऑल्दो

आमच्या नगरकडच्या (कागदावर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, तोंडात अजून नगरच येतं) मराठी माध्यमाच्या वह्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टु स्कूल.' 'बट'वर लाल फुली, मार्क गेला, विषय संपला. का गेला ते मुलाला कळत नाही आणि 'आपल्याला इंग्रजी जमत नाही' एवढंच डोक्यात बसतं. मला याचा फार राग येतो.

कारण त्या मुलाचं मराठी पक्कं आहे! 'जरी पाऊस पडत होता, तरी तो शाळेत गेला.' आपल्याकडे ही अव्ययं जोडीने फिरतात... जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. जोडीतलं एक गाळायचंच झालं तर आपण पहिलं गाळतो: 'पाऊस होता तरी गेला', 'आलास तर भेटू'. इंग्रजी नेमकं दुसरं गाळते. त्यातही 'इफ'च्या मागे 'देन' चालतं, 'ऑल्दो'च्या मागे 'यट'सुद्धा खपतं, पण 'बट' नाही. 'बट' दोन बरोबरीची वाक्यं जोडतं, 'ऑल्दो' आपल्या वाक्याला गौण करून टाकतं. दोन्ही एकदम कसं चालेल?

गंमत म्हणजे हीच मुलं मराठीच्या तासाला प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययं घोकतात. 'पण' पहिल्यात, 'जरी-तरी' दुसऱ्यात. पुढच्याच तासाला इंग्रजी असतं, पण दोन तासांची ओळख कोणी करून देत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. (हे दादोबा पुढे नगरलाच डेप्युटी कलेक्टर होते.) ते इंग्रजीकडून मराठीकडे आले, आपल्याला उलट जायला काय हरकत आहे? राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं त्याला, २००० साल धरलं तर, पाव शतक उलटून गेलं.

आणि प्रत्येक वेळी आपलंच कमी पडतं असंही नाही. 'चहा किंवा कॉफी घेणार?' याला नुसतं 'हो' चालतं. 'चहा घेणार की कॉफी?' याला 'हो' म्हटलं तर यजमानीणबाई बघतच राहतील. इंग्रजीत दोन्हीकडे बिचारं 'ऑर'च, फरक सगळा आवाजाच्या चढउतारावर. आपल्या गोतावळ्यात शिक्षक बरेच आहेत. त्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरून पाहावं, आणि मुलं काय म्हणाली ते मला कळवावं.