पिशवी मुलांच्या हाती द्या

रविवारी मंडईत चक्कर मारली, की एक दृश्य हमखास दिसतं. आईच्या दोन्ही हातांत जड पिशव्या, खांद्याला पर्स आणि मागे रडकुंडीला आलेलं मूल. बऱ्याच जणी म्हणतात, "पोरांना बाजारात न्यायचं म्हणजे डोक्याला ताप! त्यापेक्षा एकटीनं पटकन जाऊन यावं." पण मैत्रिणींनो, मूल बाजाराला कंटाळत नाही. हाताला काही काम नसतं, म्हणून ते कंटाळतं. त्याला काम देऊन बघा!

पाच-सहा वर्षांच्या मुलाला निवडायला बसवा. वांग्याला कुठे बारीकसं भोक आहे का, ते त्यानं बघायचं. कांदा दाबून पाहायचा, मऊ लागला की बाजूला. नारळ कानाशी धरून हलवायचा आणि आत पाणी वाजतं का ते ऐकायचं. पिशवी भरायचं कामही त्याचंच. कांदे-बटाटे तळाशी, टोमॅटो वर, कोथिंबिरीची जुडी सगळ्यांत शेवटी. एकदा टोमॅटो चेपले, की हा क्रम ते पुन्हा विसरत नाही.

आठ-नऊ वर्षांचं झालं, की हिशेब त्याच्याकडे सोपवा. पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द फळ्यावर कोरडे वाटतात, तागडीत पडले की बरोबर कळतात. दोडकी ८० रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती? शंभराची नोट दिली तर परत किती यायचे? साठ आणि चाळीस! भाजीवाल्या मावशी 'पावशेर' म्हणाल्या, तरी देतात २५० ग्रॅम, हेही सांगा. कायद्यानं १९६२ साली शेर जाऊन किलो आला, पण तोंडातला शेर काही गेला नाही!

नोटेवरून आठवलं. हल्ली आपण मोबाईल पुढे करतो, दुकानातला डबा रक्कम बोलून दाखवतो, की झाला व्यवहार. मुलाला वाटतं, मोबाईलमध्ये पैसे असतातच! पैसे संपतात, हे त्याला दिसतच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रोख रक्कम त्याच्या हाती द्या. दोनशे रुपये आणि चार जिनसांची यादी. तेवढ्यात बसवायचं आणि उरलेले मोजून परत आणायचे.

त्याहून मोठ्या मुलांना पाकिटं वाचायला शिकवा. कधी भरलं, कधीपर्यंत वापरायचं, वजन किती आणि छापील किंमत काय. ही कमाल किंमत सगळे कर धरून असते. दुकानदार कमी घेऊ शकतो, जास्त मागू शकत नाही. 'थंड करायचे दोन रुपये' वगैरेही नाही! मोठं पाकीट स्वस्तच पडतं, असंही नाही. समजा, २०० ग्रॅम बिस्किटांना ३६ रुपये आणि ८० ग्रॅमला १० रुपये. मग शंभर ग्रॅम कशात स्वस्त पडले, ते मुलालाच काढू द्या. वजनाआधी काट्यावर शून्य आहे ना, मिठाई खोक्यासकट तर तोलली नाही ना, हे बघायची सवय लावा. बिल मागायला लाजायचं नाही, हेही सांगा. फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता खरी परीक्षा आपली! मूल एखादी जून भेंडी किंवा किडका फ्लॉवर घेऊन येणारच. लगेच "तुला काही जमत नाही" म्हणू नका. भाजी निवडायला त्यालाच बसवा. किती वाया गेली, ते तेव्हाच कळतं. दहा-वीस रुपयांचं नुकसान ही शिकवणीची फी समजा. आणि भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालून, पुढे चकचकीत दुकानात मुकाट्यानं छापील किंमत मोजू नका. मुलं तेही शिकतात, बरं का!

आणखी एक. हे शिक्षण मुलीपुरतं ठेवू नका. आमच्या शेजारच्या वहिनींचं अचानक ऑपरेशन झालं, आठ दिवस दवाखान्यात होत्या. कॉलेजात जाणाऱ्या थोरल्याला तूरडाळ कोणती आणि चण्याची डाळ कोणती, ते कळेना. सातवीतला धाकटा मात्र आजीबरोबर लहानपणापासून बाजारात जायचा. दूध, भाजी, किराणा, सगळं त्यानं पाहिलं आणि रोजचा खर्च वहीत लिहून ठेवला. वहिनी घरी आल्यावर वही बघून म्हणाल्या, "मी उगीचच तिथे पडल्या पडल्या घोर करत होते." आपण आजारी पडलो, तर घर कोण चालवील, ही धास्ती आपल्यापैकी कुणाला नाही? ती थोडी तरी कमी करणं आपल्याच हातात आहे.

तेव्हा येत्या रविवारी डबे उघडून, काय संपलंय ते बघून, यादी मुलांनाच करू द्या. बाजारात तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. वेळ दुप्पट लागेल, पण लागू द्या!